स्टार ट्रेक पुन्हा पाहायला घेताय? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'स्टार ट्रेक' या अंतराळप्रवासाच्या मालिकेचा पहिला भाग अमेरिकेत एनबीसी वाहिनीवर ८ सप्टेंबर १९६६ रोजी लागला. आपल्याकडे कोणी ती ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी पाहिली, कोणी पुढे केबलवर, तर कोणी शिकायला परदेशी गेल्यावर. ही प्रश्नोत्तरं मुख्यतः एकदा पाहून झालेल्यांसाठी आहेत. नव्याने येणाऱ्यांनाही त्यांचा उपयोग होईल, मात्र खाली बऱ्याच कथांचे शेवट सांगितले आहेत.

नऊशेच्या वर भाग झालेत. सगळे परत पाहायचे का?

नाही. रोज एक म्हटलं तरी अडीच वर्षं लागतील. 'पहिल्यापासून शेवटपर्यंत' असा संकल्प सोडून बसलेले बरेच जण मला माहीत आहेत. त्यांतले बहुतेक 'नेक्स्ट जनरेशन' या पुढच्या मालिकेच्या पहिल्या सीझनमध्ये अडकले आणि पुढे त्या वाटेलाच गेले नाहीत.

त्यापेक्षा तुम्हाला सगळ्यात जास्त लळा कोणाचा होता ते आठवा. पहिल्या मालिकेतला स्पॉक? 'नेक्स्ट जनरेशन'मधला कप्तान पिकार्ड? 'डीप स्पेस नाइन'मधली कीरा? यंत्रमानव डेटा? त्या माणसाचे (किंवा यंत्रमानवाचे) आठ-दहा भाग निवडा आणि तिथून सुरुवात करा. त्या भागांतलं काहीतरी तुम्हाला पुढे ओढून नेईलच. डेटापासून सुरुवात केलेला माणूस 'व्हॉयेजर' या मालिकेतल्या, संगणकाने घडवलेल्या डॉक्टरपर्यंत आपसूक पोचतो, कारण दोघांचा प्रश्न एकच आहे: बनवलेल्या जिवाला हक्क असतात का?

पाहायचं कुठल्या क्रमाने? कथेतल्या कालक्रमाने की प्रसारणाच्या?

प्रसारणाच्या. कथेतल्या कालक्रमाने निघालात तर सुरुवात २००१ साली आलेल्या 'एंटरप्राइझ'पासून करावी लागते. ती मालिका तर आधीच्या पस्तीस वर्षांच्या आठवणींवर उभी आहे. स्पॉकच्या जमातीचे, म्हणजे व्हल्कन लोक सुरुवातीला माणसांकडे इतक्या तुच्छतेने का बघतात, यातली गंमत स्पॉक आधी ओळखीचा असेल तरच कळते.

शिवाय प्रसारणाच्या क्रमाने गेलं की त्या त्या काळातली अमेरिकाही दिसत जाते. १९६६ ची मालिका व्हिएतनाम युद्ध आणि नागरी हक्कांच्या चळवळीच्या काळातली आहे. 'द अनडिस्कव्हर्ड कंट्री' हा सहावा चित्रपट शीतयुद्ध संपण्याची गोष्ट सांगतो. क्लिंगॉन या परग्रहवासी शत्रूंच्या साम्राज्याच्या एका चंद्रावर स्फोट होतो, साम्राज्य खिळखिळं होतं आणि जुन्या शत्रूंना तहाला बसावं लागतं. चेर्नोबिलची सावली उघड आहे. हा चित्रपट अमेरिकेत डिसेंबर १९९१ मध्ये लागला आणि त्याच महिन्यात सोव्हिएत संघ विसर्जित झाला. ही तारीख डोक्यात ठेवून तो पुन्हा पाहा. पहिल्या मालिकेपासूनचा कप्तान कर्क याच्या तोंडी असलेला क्लिंगॉनांविषयीचा राग मग फार जड वाटतो.

पहिली मालिका आज पाहवते का? सेट पुठ्ठ्याचे वाटतात, मारामारी खोटी वाटते.

सेट स्वस्त आहेत, हे खरंच. पण त्या तंगीतून निघालेल्या कल्पना पाहा. दर आठवड्याला जहाज ग्रहावर उतरताना दाखवणं परवडणारं नव्हतं, म्हणून माणसांना किरणांनी खाली पाठवणारा ट्रान्सपोर्टर आला. आज तो नसलेली स्टार ट्रेक आपल्याला कल्पनेतही आणता येत नाही.

'बॅलन्स ऑफ टेरर' हा डिसेंबर १९६६ मधला भाग लावा. जहाजावरच्या छोट्या प्रार्थनागृहात एका जोडप्याचं लग्न सुरू आहे. तेवढ्यात धोक्याचा भोंगा वाजतो, लग्न अर्धवट राहतं आणि सगळे आपापल्या जागी धावतात. मग जवळजवळ तासभर दोन जहाजांचा पाठलाग चालतो. दोन्हीकडचे कप्तान एकमेकांना न बघता एकमेकांच्या मनातलं ओळखू पाहतात. शत्रू पहिल्यांदा पडद्यावर दिसतो तेव्हा तो स्पॉकसारखा दिसतो आणि लगेच एका अधिकाऱ्याची नजर स्पॉककडे संशयाने वळते. तो काहीतरी जहरी बोलतो, तेव्हा कर्क त्याला जागच्या जागी दटावतो: असले पूर्वग्रह आपल्या खोलीत ठेवून यायचे, इथे त्यांना जागा नाही. शेवटी त्या लग्नातला मुलगा मेलेला असतो. कर्क पुन्हा प्रार्थनागृहात जातो आणि त्या मुलीला भेटतो. एका भागात एवढं मावतं. एकदा गोष्टीत शिरलात की पुठ्ठा दिसेनासा होतो.

आणखी एक. या मालिकेच्या पहिल्या नमुना भागात, म्हणजे एनबीसीने नाकारलेल्या 'द केज'मध्ये, जहाजाची दुय्यम अधिकारी एक स्त्री होती. दुसऱ्या नमुन्यात ती राहिली नाही, स्पॉक मात्र टिकला. आज तो भाग स्वतंत्रपणे पाहायला मिळतो. जरूर पाहा, त्याचा संबंध खाली पुन्हा येणार आहे.

तीन सीझननंतर बंद पडलेली मालिका इतकी मोठी झाली कशी?

प्रेक्षकांमुळे. दुसऱ्या सीझननंतर मालिका बंद पडणार अशी कुणकुण लागली, तेव्हा बजो आणि जॉन ट्रिंबल या दांपत्याने पत्रमोहीम उभी केली. एनबीसीकडे इतकी पत्रं आली की मालिका सुरू राहणार असल्याचं वाहिनीला पडद्यावर जाहीर करावं लागलं. तिसऱ्या सीझनला मात्र शुक्रवारी रात्री दहाची वेळ मिळाली. तरुण प्रेक्षक त्या वेळी घराबाहेर असायचा. ३ जून १९६९ ला शेवटचा भाग लागला आणि ७९ भागांवर मालिका थांबली. सात आठवड्यांतच माणूस चंद्रावर उतरला.

खरा जीव त्यानंतर आला. स्थानिक वाहिन्या संध्याकाळच्या वेळी पुनःप्रक्षेपण करू लागल्या आणि शाळा-कॉलेजातली मुलं ते भाग पुन्हा पुन्हा पाहू लागली. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कला चाहत्यांचं संमेलन भरलं. काही शे माणसं येतील असा अंदाज होता, आली हजारोंनी. १९७६ मध्ये चाहत्यांनी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांना पत्रांचा ढीग पाठवला आणि नासाच्या पहिल्या शटलचं ठरलेलं 'कॉन्स्टिट्यूशन' हे नाव बदलून 'एंटरप्राइझ' झालं. ते शटल आज न्यूयॉर्कच्या इंट्रेपिड संग्रहालयात आहे.

म्हणजे ही मालिका वाचली ती 'परत पाहण्या'नेच. आपण आज तेच करतोय.

परत पाहताना नेमकं काय बघायचं? कथा तर माहीत आहे.

टेबलाभोवती बसलेली माणसं बघा. पहिल्यांदा पाहताना आपण जहाज वाचतं की नाही यात गुंतलेले असतो. दुसऱ्यांदा ते ओझं नसतं. मग दिसतं, की या मालिकेचा प्राण निर्णय घेण्याच्या पद्धतीत आहे. पिकार्ड सल्ला मागतो आणि तो खरोखर ऐकतो. त्याच्या सहकाऱ्यांपैकी वॉर्फ म्हणतो हल्ला करू, ट्रॉय म्हणते ते घाबरलेले आहेत, जॉर्डी म्हणतो मला दोन तास द्या. निर्णय एकाचा, पण त्यात सगळ्यांचं बोलणं उतरलेलं असतं. मला स्टार ट्रेककडे परत परत आणणारी गोष्ट हीच आहे. सत्ता हातात असलेली माणसं ऐकून घेतात, आणि पटलं तर मत बदलतात.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण म्हणजे 'द मेझर ऑफ अ मॅन', नेक्स्ट जनरेशन, दुसरा सीझन, फेब्रुवारी १९८९. लेखिका मेलिंडा स्नॉडग्रास आधी वकिली करायच्या, आणि ते जाणवतं. एका संशोधकाला डेटाचे सुटे भाग करून त्याचा अभ्यास करायचा आहे. डेटा नकार देतो. त्याला नकार देण्याचा हक्क आहे का, की तो स्टारफ्लीटची, म्हणजे ही जहाजं चालवणाऱ्या दलाची मालमत्ता आहे, यावर सुनावणी होते. माणसं कमी असल्यामुळे डेटाच्या विरुद्ध बाजू मांडायची वेळ त्याच्या मित्रावर, रायकरवर येते. त्याने मन लावून बाजू मांडली नाही, तर डेटा सरळ हरणार अशी अट आहे.

आता तो एक क्षण पाहा. रायकर एकटाच संगणकावर डेटाचे आराखडे चाळतोय. त्याला काहीतरी सापडतं आणि क्षणभर चेहरा उजळतो: मुद्दा मिळाला! दुसऱ्याच क्षणी त्याच्या लक्षात येतं, की या मुद्द्याने मित्राचा घात होणार आहे. रायकर झालेल्या जोनाथन फ्रेक्सने हे एकही शब्द न बोलता केलंय. पुढे सुनावणीत तो डेटाचा हात काढून दाखवतो आणि मग त्याच्या पाठीमागचं बटण दाबतो. डेटा टेबलावर कोसळतो.

यानंतर पिकार्ड हताश होऊन जहाजावरचा बार सांभाळणाऱ्या गायननकडे जातो. ती काही सांगत नाही, फक्त विचारत जाते: असे हजारो डेटा बनवले तर? कोणाच्या नकाराची पर्वा न करता वापरायची एक अख्खी जमात? उत्तर पिकार्डच्याच तोंडून निघतं: गुलामगिरी. ही भूमिका वूपी गोल्डबर्गने केली आहे. लहानपणी पहिल्या मालिकेतली अधिकारी उहुरा हिला पाहून तिला टीव्हीवर घरकाम न करणारी कृष्णवर्णीय स्त्री पहिल्यांदा दिसली, असं तिने अनेकदा सांगितलंय. ती स्वतःहून ही भूमिका मागायला गेली होती. या संवादाला त्यामुळे वेगळंच वजन येतं.

आणि शेवट चुकवू नका. सगळे आनंद साजरा करत असतात, रायकर एकटा दूर बसलेला असतो. डेटा त्याला शोधत येतो. तू बाजू मांडली नसतीस तर मी हरलो असतो, तुला झालेल्या दुःखाने मला वाचवलं, असा त्याच्या बोलण्याचा अर्थ. भावना नसल्याचं सांगणारा हा यंत्रमानव त्या खोलीतल्या सगळ्यांपेक्षा जास्त समजूतदार ठरतो.

नेक्स्ट जनरेशनचे पहिले दोन सीझन गाळले तर चालतं का?

बरंचसं चालतं. पहिल्यातला पहिला भाग ठेवा, कारण मालिकेच्या अखेरच्या भागात क्यू हा सर्वशक्तिमान जीव परत येतो तेव्हा त्याची गरज लागते. दुसऱ्यातले 'द मेझर ऑफ अ मॅन' आणि बोर्गशी, म्हणजे इतरांना पकडून आपल्यासारखं अर्धयंत्र करणाऱ्या जमातीशी पहिली गाठ पडते तो 'क्यू हू' ठेवा. तिसऱ्या सीझनपासून मायकल पिलर लेखन विभाग सांभाळू लागले आणि भाग पात्रांभोवती फिरू लागले. 'यस्टरडेज एंटरप्राइझ', 'द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स' आणि त्याच्या लगेच पुढचा 'फॅमिली' सलग पाहा. बोर्गच्या तावडीतून सुटलेला पिकार्ड फ्रान्समधल्या आपल्या गावी जातो, भावाशी चिखलात लोळत भांडतो आणि मग रडतो. त्या काळच्या टीव्हीवर नायक पुढच्या आठवड्यात सगळं विसरलेला असायचा. इथे तसं होत नाही.

'डारमॉक' इतका का गाजतो?

१९९१ मधला हा भाग मराठी प्रेक्षकाला तर चटकन भिडावा. त्यातले परग्रहवासी फक्त आपल्या पुराणकथांच्या दाखल्यांतून बोलतात. शब्द कळतात, अर्थ लागत नाही, कारण कथा माहीत नाहीत. आपण 'त्याचा पार अभिमन्यू झाला' म्हणतो तेव्हा महाभारत न ऐकलेल्या माणसाची जी अवस्था होईल, तीच पिकार्डची होते. समोरचा कप्तान त्याला एका ग्रहावर नेतो, हातात सुरा देतो. पिकार्डला वाटतं हे द्वंद्वाचं आव्हान आहे. खरं तर तो म्हणत असतो, की दोघं मिळून एका संकटाशी लढू, म्हणजे आपली एक सामायिक कथा तयार होईल. तो मरायला टेकलेला असताना पिकार्ड शेकोटीपाशी बसून त्याला गिल्गमेश आणि एन्किडूची गोष्ट सांगतो.

दुसऱ्यांदा पाहताना प्रत्येक वाक्य आधीपासूनच कळत असतं, आणि म्हणून हा भाग पहिल्यापेक्षा दुसऱ्यांदा जास्त हलवून सोडतो.

डीप स्पेस नाइन तेव्हा अर्धवट सोडली होती. परत धरावी का?

नक्की. माझ्या मते सगळ्यांत जास्त परत पाहण्याजोगी मालिका हीच. १९९३ ते १९९९ या काळात ती लागली. दर आठवड्याला एखादा भाग चुकायचा आणि कथा हातातून निसटायची. सलग कथा सांगणारी मालिका त्या पद्धतीने पाहणं कठीणच होतं. आता सलग पाहता येते, तेव्हा तिची खरी बांधणी कळते. इथे जहाज निघून जात नाही. कथा एका अंतराळस्थानकावर घडते आणि ते जागेवरच असतं, त्यामुळे कालच्या निर्णयाचे परिणाम आज दारात येऊन उभे राहतात.

पहिल्या सीझनमधला 'ड्युएट' चुकवू नका. बजोर ग्रहावर कार्डेशियनांनी अनेक दशकं राज्य केलं, छळछावण्या चालवल्या. एके काळी त्यांच्याविरुद्ध लढलेली कीरा आता स्थानकाची दुसऱ्या क्रमांकाची अधिकारी आहे. एक आजारी कार्डेशियन स्थानकावर येतो. त्याला झालेला आजार फक्त गॅलिटेप छावणीत असलेल्यांनाच होऊ शकतो. कीरा त्याला कोठडीत टाकते. बराचसा भाग त्या कोठडीतच घडतो, फारसा खर्च नाही, दोन माणसं बोलतायत एवढंच. तो आधी म्हणतो मी साधा कारकून होतो. मग म्हणतो छावणीचा प्रमुख मीच, आणि मारलेल्यांची फुशारकी मारू लागतो. कीराला त्यात काहीतरी जुळत नाही. शेवटी सत्य बाहेर येतं: तो खरोखर कारकूनच होता. रात्री किंकाळ्या ऐकू येऊ नयेत म्हणून पलंगाखाली दडून कान झाकून घेणारा. आपल्या देशाने गुन्हा कबूल करावा, म्हणून प्रमुखाचं सोंग घेऊन तो फाशी जायला आला होता. कीरा त्याला सोडून देते. बाहेर पडताच एक बजोरन त्याला भोसकतो. का, असं विचारल्यावर तो म्हणतो, तो कार्डेशियन होता, तेवढं पुरे. पहिल्या दृश्यात कीराचंही असंच काहीसं म्हणणं होतं. आता ती म्हणते, नाही, तेवढं पुरत नाही.

पुढे 'द व्हिजिटर', 'फार बियॉन्ड द स्टार्स' आणि 'इन द पेल मूनलाइट' आहेतच. 'इन द पेल मूनलाइट'मध्ये युद्ध जिंकण्यासाठी स्थानकाचा प्रमुख सिस्को खोटेपणा आणि खुनापर्यंत जातो आणि थेट आपल्याकडे बघून हिशोब मांडतो. हे स्टार ट्रेकच्या तत्त्वाला धरून आहे का, यावर चाहत्यांत अजून वाद होतो. मला वाटतं, आहे. तत्त्व मोडल्याचं दुःख तिथे पुरेपूर दिसतं.

व्हॉयेजर आणि एंटरप्राइझ?

'व्हॉयेजर' निवडून पाहा: 'इयर ऑफ हेल', 'लिव्हिंग विटनेस', 'ब्लिंक ऑफ अॅन आय', आणि ज्यावर घराघरांत भांडणं होतात तो 'टुव्हिक्स'. त्यातला कप्तान जेनवे या स्त्रीचा निर्णय बरोबर की चूक, हे आधी सोबतच्यांना विचारून मग भाग लावा. 'एंटरप्राइझ'चा चौथा सीझन सगळ्यात चांगला. शेवटचा भाग सोडला तरी चालेल, त्याच्या आधीची दोन भागांची कथा हाच खरा शेवट समजा.

चित्रपट कुठले पाहायचे?

सम क्रमांकाचे चांगले आणि विषम वाईट, असा एक जुना संकेत आहे. दहाव्याने तो मोडला. दुसरा ('द रॅथ ऑफ खान', १९८२), चौथा (१९८६, देवमाशांचा) आणि सहावा हे तीन पुरेसे आहेत. पण पहिल्याला एक संधी द्या. १९७९ चा तो चित्रपट संथ म्हणून बदनाम आहे. दिग्दर्शकाच्या संकलनाची आवृत्ती २००१ मध्ये आली आणि २०२२ मध्ये ती आणखी स्वच्छ रूपात निघाली, ती पाहा.

त्यात इलियाची भूमिका करणारी पर्सिस खंबाटा आपल्या मुंबईची. १९६५ ची मिस इंडिया. आधी ठरलेल्या आणि नंतर बारगळलेल्या नव्या टीव्ही मालिकेसाठी तिची निवड झाली होती, तीच भूमिका चित्रपटात आली. त्यासाठी तिने डोक्यावरचे सगळे केस काढले. सौंदर्यस्पर्धेतून आलेल्या अभिनेत्रीने त्या काळी असं करणं ही लहान गोष्ट नव्हती. पडद्यावर तिच्या शांत, स्थिर नजरेवरच अर्धा चित्रपट उभा आहे. १९८० मध्ये ती ऑस्कर सोहळ्यात पुरस्कार द्यायला मंचावर गेली. असा मान मिळालेली ती पहिली भारतीय. १९९८ मध्ये मुंबईतच तिचं निधन झालं. चाहत्यांच्या गप्पांत तिचं नाव फार कमी निघतं, याची मला चुटपुट आहे.

आणि खान? ते पात्र भारतीय म्हणायचं का?

१९६७ च्या 'स्पेस सीड'मध्ये जहाजावरची इतिहासतज्ज्ञ त्याला पाहून 'उत्तर भारतातला, बहुधा शीख' असा अंदाज करते. नाव खान नूनियन सिंग. भूमिका केली मेक्सिकन अभिनेते रिकार्डो माँटलबान यांनी, त्वचेला गडद रंग देऊन. २०१३ मध्ये ब्रिटिश अभिनेता बेनेडिक्ट कंबरबॅच आला, तेव्हा तो अंदाजही उरला नाही. माँटलबान यांचा अभिनय मला अतिशय आवडतो. तरी आपल्यासारख्यांनी हे पाहताना खटकलं तर खटकू द्यावं. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

जुन्यातले खटकणारे भाग सरळ वगळावेत का?

'कोड ऑफ ऑनर' (१९८७) वगळा, त्यात हाती लागण्यासारखं काही नाही. पहिल्या मालिकेचा शेवटचा भाग 'टर्नअबाउट इंट्रूडर' मात्र एकदा पाहावा. स्त्रिया कप्तान होऊ शकत नाहीत असं तिथे सरळ म्हटलंय. त्यानंतर जेनवेचा पहिला भाग (जानेवारी १९९५) लावला की सव्वीस वर्षांत किती अंतर कापलं ते दिसतं. 'व्हॉयेजर'मधला अमेरिकी मूलनिवासी अधिकारी चकोते याच्या बाबतीत मात्र हे अंतर कापलेलं नाही. त्याच्या मूलनिवासी संस्कृतीसाठी सल्लागार म्हणून घेतलेले जमाके हायवॉटर स्वतः मूलनिवासी नसल्याचं १९८४ मध्येच उघड झालं होतं. त्या पात्राचे विधी इतके पोकळ का वाटतात, त्याचं उत्तर तिथे आहे.

डीप स्पेस नाइन आणि व्हॉयेजर मोठ्या टीव्हीवर इतक्या धूसर का दिसतात?

नेक्स्ट जनरेशनपासूनच्या मालिका चित्रित झाल्या ३५ मिलिमीटर फिल्मवर, पण संकलन आणि दृश्यपरिणाम व्हिडिओवर झाले. त्यामुळे तयार भाग त्या काळच्या टीव्हीच्या कमी रेषांतच अडकला. नेक्स्ट जनरेशनसाठी २०१२ ते २०१४ मध्ये मूळ निगेटिव्ह शोधून प्रत्येक भाग नव्याने जुळवला, जहाजांची दृश्यं पुन्हा एकत्र केली. काम प्रचंड खर्चिक, ब्लू-रेची विक्री मात्र अपेक्षेइतकी झाली नाही, आणि पुढच्या दोन मालिकांचं काम हाती घेतलंच गेलं नाही. १९६६ ची मालिका फिल्मवरच संकलित झाली होती, म्हणून ती सगळ्यात जुनी असूनही लख्ख दिसते.

उपाय: चित्र ताणून रुंद करू नका, चौकोनीच ठेवा. टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. लॅपटॉपवर किंवा टॅबवर पाहिलंत तर धूसरपणा बराच कमी जाणवतो.

पाहायचं कुठे? आज इथे असतं, उद्या नसतं.

हक्क सतत फिरत असतात, म्हणून इथे यादी देत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये 'डिस्कव्हरी' या नव्या मालिकेचा चौथा सीझन अगदी तोंडावर आला असताना अमेरिकेबाहेरच्या नेटफ्लिक्सवरून ती मालिका काढली गेली. २०२३ मध्ये 'प्रॉडिजी' ही मुलांची मालिका पॅरामाउंट प्लसने स्वतःच्याच सेवेवरून उतरवली, मग ती नेटफ्लिक्सवर आली. ज्या मालिकेवर तुमचा खरा जीव आहे तिच्या डिस्क घेऊन ठेवा. बाकीचं मिळेल तिथे पाहा.

नव्या मालिका जुन्या चाहत्यांना झेपतील का?

'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स' (२०२२ पासून) तर जुन्यांसाठीच आहे असं मला वाटतं. वर 'द केज'चा उल्लेख केला होता. त्यातला कप्तान पाइक. त्या नाकारलेल्या भागाची दृश्यं १९६६ मध्ये 'द मेनॅजरी' या दोन भागांच्या कथेत वापरली. त्यात पाइक अपघातात भाजून एका खुर्चीत बंदिस्त झालेला दिसतो. बोलता येत नाही, फक्त दिवा लुकलुकतो: एकदा म्हणजे हो, दोनदा म्हणजे नाही. 'डिस्कव्हरी'च्या दुसऱ्या सीझनमध्ये (२०१९) पाइकला आपलं हे भविष्य आधीच दिसतं आणि तो ते स्वीकारतो. 'स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स'मध्ये तो हे ओझं घेऊन जगतो, हसतो, सहकाऱ्यांना स्वतः रांधून जेवायला घालतो. पहिल्या सीझनच्या शेवटी तो भविष्य बदलायला निघतो, तेव्हा त्याला 'बॅलन्स ऑफ टेरर'चाच प्रसंग वेगळ्या रीतीने जगून पाहावा लागतो.

आता परत जाऊन 'द मेनॅजरी' लावा. खुर्चीतला तो माणूस ओळखीचा झालेला असतो. स्पॉक त्याच्यासाठी लष्करी न्यायालयाला सामोरं जायला का तयार आहे, हे १९६६ मध्ये फक्त सांगितलं होतं. आता ते आपण पाहिलेलं असतं. साठ वर्षं जुनं दृश्य नव्या मालिकेने बदलून टाकलं, मूळ फिल्मला हातही न लावता.

'पिकार्ड' पाहणार असाल तर तिसरा सीझन (२०२३) पुरेसा आहे. 'लोअर डेक्स' ही अॅनिमेशन मालिका हसवते, पण जुन्या भागांवर तिचा जीव आहे.

मुलांसोबत कुठून सुरुवात करू?

'प्रॉडिजी'पासून. नंतर 'द डेव्हिल इन द डार्क' (१९६७). खाणीत माणसं मारणारा राक्षस ही खरं तर आपली अंडी वाचवणारी आई असते, हे मुलांना आपण सांगण्याआधीच कळतं. घाई करून सगळं समजावून सांगू नका. चौथा चित्रपट मुलांना फार आवडतो. 'ड्युएट' दहावीनंतर.

'बीम मी अप, स्कॉटी' कुठल्या भागात आहे?

अगदी या शब्दांत कर्क कुठेच म्हणत नाही.

मित्रमंडळींनी मिळून परत पाहायचं असेल तर?

आठवड्याला एकच भाग ठेवा. दोन लावले की दुसऱ्यावर बोलायला वेळ उरत नाही. आमच्या गटातले दोघं परदेशात असतात, म्हणून सगळे आपापल्या सोयीने भाग पाहतात आणि रविवारी तासभर फोनवर बोलतात. भाग निवडण्याची पाळी आळीपाळीने. निवडणाऱ्याने 'हाच का' एवढं दोन वाक्यांत सांगायचं. एकाने 'द इनर लाइट' निवडला, तेव्हा चर्चा पिकार्डच्या बासरीवरून सुरू झाली आणि आपापल्या आजोबांवर गेली. तासाची वेळ त्या दिवशी कोणी पाळली नाही.

एक नियम मात्र कडक ठेवा: ज्याने भाग पहिल्यांदाच पाहिलाय, त्याला आधी बोलू द्यायचं. जुन्या जाणत्यांनी तोवर गप्प बसायचं.